रत्ना, ते एकमत नव्हतं

रत्ना,

पाळकसाहेबांनी सांगितलंय, मंडळीच्या पत्रकासाठी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या. चांगले शब्द मी तुझ्या मातीच्या दिवशीच बोलून संपवले. हसतमुख, प्रार्थनाशील, सर्वांना सांभाळून घेणारी. तुला ऐकू येत असतं तर मधेच शिट्टी मारून मला खाली बसवलं असतंस. देवळाली कॅम्पच्या शाळेत तू जन्मभर पी.टी. शिकवलीस, पण मैदानावर तू हसल्याचं एकाही विद्यार्थ्याला आठवत नाही. त्यातले दोघं-तिघं मागे बसले होते. 'हसतमुख' ऐकून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला ते दिसलं, आणि तरी मी पुढचं वाक्य वाचलं.

पत्रकासाठी काहीतरी लिहून देईनच. हे मात्र तुला आहे. यात तुझं कौतुक कमी आणि माझंच रडगाणं जास्त असणार, ते आधीच सांगून ठेवते.

आमचे हे गेले तेव्हा मी उपासनेला यायचं सोडलं होतं, आठवतं? देवाशी अबोलाच धरला होता. बाकीच्या बायका आल्या, डोळे पुसले, वचनं सांगितली आणि गेल्या. तू एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिलीस आणि शाळेतली शिट्टी फुंकायला लागलीस. लोक गॅलरीत आले. वॉचमन तुझ्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. मी केसही न विंचरता खाली धावले आणि म्हणाले, "अगं बाई, लाज आहे का काही?" तू म्हणालीस, "तुला असती तर पहिल्या शिट्टीलाच आली असतीस. चल, रिक्षा थांबलीय." त्या दिवशी तू मला प्रार्थना कर म्हणाली नाहीस, गा म्हणाली नाहीस. उपासना झाल्यावर मिसळ खायला नेलंस आणि माझ्या वाट्याचा पापडही तूच खाल्लास. मी पुन्हा माणसांत आले ती अशी. याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू चेष्टा केली असतीस हे खरं, पण म्हणून राहून गेलं असं मी म्हणणार नाही. तू कुठे जातेस, असं वाटायचं, म्हणून राहून गेलं.

पुढे तुझा गुडघा गेला. पोरांना उठाबशा काढायला लावणारीला स्वतःला बाकावरून उठता येईना, यावर सगळ्यात जास्त विनोद तूच केलेस. "पोरांचे तळतळाट लागले," म्हणायचीस. ऑपरेशनचं नाव काढलं की हवापाण्याच्या गोष्टी सुरू करायचीस. मग आपली एक पद्धतच पडली. गीत सुरू व्हायच्या जरा आधी तुझा डावा हात माझ्याकडे यायचा, मी तो धरून जोर लावायचे आणि तू "हं" म्हणून उभी राहायचीस. मला मान वळवून बघावंसुद्धा लागायचं नाही. दर रविवारी, प्रत्येक गीताला.

आता त्या सभेचं लिहायला हवं.

तुझ्या लेकीला, अनिताला, मी परवा सगळं सांगायला बसले होते. ती इतकी वर्षं परदेशात, तिला वाटतं चर्चमध्ये पाळक ठरवतात आणि बाकीचे आमेन म्हणतात. तिला म्हटलं, आपण बॅप्टिस्ट. आपल्यावर बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. मंडळीची सभा बसते, सभासद ठरवतात, आणि पाळकालाही सगळ्यांसारखं एकच मत. त्यात आपल्या मंडळीचा एक खास नियम आहे आणि तो तिच्या आईचा, म्हणजे तुझा आहे, हेही तिला सांगितलं. पूर्वी लोक सभेत मूग गिळून बसायचे आणि बाहेर येऊन चपला घालताना कुरकुरायचे. एकदा तू कडाडलीस, "चपलांशी बोलायचं बंद करा! ज्याला पटत नाही त्याने सभेत उभं राहून सांगावं. बसून राहिला तो राजी." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तेव्हापासून तेच चालत आलंय. कुणी उभं राहिलं नाही की ठराव एकमताने मंजूर.

अनिता म्हणाली, "मम्मीचाच नियम वाटतो." मी पुढचं काही तिला सांगितलं नाही.

मंडळीने येत्या काळात काय करायचं, कुणाकुणापर्यंत पोचायचं, याचा आराखडा करायला समिती नेमली आणि तिची प्रमुख मी झाले. सगळे त्याला 'व्हिजन' म्हणायचे, तू 'सुधाची पंचवार्षिक योजना' म्हणायचीस. त्यात पुष्कळ चांगलं होतं, आजही मला तसं वाटतं. तरुणांची वेगळी संगत होती, घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांकडे प्रभुभोजन घेऊन जाणं होतं, उपासना मोबाइलवर दाखवणं होतं. आणि एक कलम असं होतं, की अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली शनिवारची उपासना बंद करायची, तिथल्या लोकांना आणायला रविवारी गाडी पाठवायची आणि सगळ्यांनी एका छताखाली भजन करायचं. हे कलम माझं होतं.

अंबडची उपासना तुझी. सुगंधाच्या भाड्याच्या खोलीत, शनिवारी दुपारी. ही सुगंधा पेठकडची, एका कारखान्यात पॅकिंगला. तिच्यासारखीच पेठ-सुरगाण्याकडून आलेली, काही ओडिशाची, अशी माणसं तिथे जमायची. सगळी कंत्राटी. सगळी आपापल्या गावी चर्चमध्येच वाढलेली, आणि इथे आल्यावर कुठल्याच चर्चची न राहिलेली, कारण त्यांच्या कारखान्यांची सुट्टी शनिवारी आणि रविवारी मशीन चालू. हे तुला रिक्षात शेजारी बसलेल्या एका पोरीकडून कळलं आणि पुढच्या शनिवारी तू काठी टेकत तिथे हजर झालीस. मी दोनदा आले होते तुझ्याबरोबर. एकदा पंखा नव्हता म्हणून लवकर निघाले, हेही तुला आठवत असेल.

त्या कलमावरून आपण मिसळीच्या दुकानात भांडलो. मालकाने पाव आणून ठेवले आणि हळूच सटकला.

"रविवारी ते मशीनवर असतात, सुधा. तुझी गाडी काय त्यांना मशीनसकट उचलून आणणार?"

"महिन्यातून एखादा खाडा केला तर काय बिघडतं?"

"तुझ्या पेन्शनला खाडा नसतो म्हणून बोलतेस. त्यांनी एक खाडा केला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा उभा."

"पण वेगळी खोली, वेगळा वार, असं किती दिवस? ते कायम वेगळेच राहतील. आणि आपण शनिवार पाळणारे कधीपासून झालो?"

"विश्रांतीच्या वारी आजाऱ्याला बरं केलं म्हणून लोक प्रभू येशूशीसुद्धा भांडले होते. तू कुणाच्या बाजूला जाऊन बसलीयस ते बघ जरा."

हरायला लागले की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तुला फक्त तुझी अंबडची गादी सोडवत नाही, बाकी काही नाही."

तू चमचा खाली ठेवलास. "असेल," म्हणालीस. "सभेत बोलते मी." तुझ्या ताटलीत अर्धी मिसळ राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

हे शब्द परत घ्यायला मला पुढे वेळ मिळाला नाही असं नाही. मी घेतले नाहीत.

सभेच्या रविवारी आपण नेहमीच्या बाकावर बसलो, मागे, खांबाजवळ. भांडण असलं तरी दोघींपैकी कुणी जागा बदलली नाही. मी पुढे जाऊन आराखडा वाचला. लोकांना आवडला. परत येऊन तुझ्याशेजारी बसले तर तू म्हणालीस, "वाचतेस छान." मग पाळकसाहेब उभे राहिले. संडे स्कूलमध्ये तू त्यांना कान धरून उभं करायचीस, ते आता सगळ्यांना म्हणाले, "कुणाचा विरोध असल्यास उभं राहून सांगावं."

तुझा हात आला.

गीताच्या वेळी येतो तसाच आला. मी धरणारच, याबद्दल त्याला काही शंका नव्हती. आणि मी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. तू माझं कोपर धरलंस. दाबलंस. मी काच पुसत राहिले. मग तू समोरच्या बाकाला धरून उठायला बघितलंस, जेमतेम वर आलीस आणि पुन्हा खाली बसलीस. पाळकसाहेबांची नजर तोवर आपल्या बाकावरून पुढे गेली होती. "एकमताने मंजूर," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

तू ओरडू शकली असतीस. कॅम्पच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझा आवाज जायचा. पण नियम उभं राहून बोलायचा होता आणि नियम तुझा होता. त्यासाठी गप्प राहिलीस, की माझ्याकडे बघून तुझा आवाजच फुटला नाही, ते मला आता कधी कळायचं नाही. मला दुसरं कारण खरं वाटतं.

याहून वाईट पुढे आहे. आभाराचं गीत सुरू झालं, हार्मोनियम वाजली, सगळे उभे राहायला लागले आणि मी तुला हात दिला. नेहमीसारखा, झटकन. आणि तू तो घेतलास. या वेळी "हं" म्हणाली नाहीस. उभी राहिलीस आणि सगळी कडवी गायलीस.

मी असं का केलं याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस सभ्यपणे देत होते. मंडळी मागे एकदा फुटली होती, निम्मी घरं निघून गेली होती, पुन्हा तसं नको, एक आवाज उठला की दहा उठतात. भीती खरी होती. पण भीती चार आणे होती, रत्ना. बारा आणे माझा तोरा होता. माझा आराखडा एकमताने व्हायला हवा होता. तू उभी राहिली असतीस तर बोलली असतीस, आणि तू बोलली असतीस तर लोकांना पटलं असतं, हे मला माहीत होतं. अंबडच्या एकालाही त्या सभेत मत नव्हतं, कारण त्यांची नावं अजून गावाकडच्या मंडळ्यांत. त्या सगळ्यांच्या वतीने तिथे एक तू होतीस, आणि तुला उभं करणं माझ्या हातात होतं.

परत येताना रिक्षात तू बराच वेळ बाहेर बघत होतीस. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा विचारलंस, "चष्मा झाला का गं स्वच्छ?"

मी म्हटलं, "हो."

तू म्हणालीस, "बरं झालं." आणि मग फ्लॉवरच्या भावाबद्दल बोलायला लागलीस.

त्यानंतर मी तुझ्याकडे एकदा आले होते, कोथिंबिरीच्या वड्या घेऊन. माफी मागायला आले होते, वड्या निमित्ताला होत्या. तू चहा केलास, वड्या खाल्ल्यास, मीठ जास्त झालंय म्हणालीस. मग दाराशी मला थांबवून विचारलंस, "सुधा, काही बोलायचंय का तुला?" किती सोपं करून दिलं होतंस. आणि मी म्हटलं, "नाही गं, सहज आले होते." वाटलं, तुझा राग थोडा आणखी निवळू दे, मग निवांत बोलू. तुला राग नव्हताच, हे मला त्या दारातच दिसत होतं. राग असता तर तू वड्या खाल्ल्या नसत्यास. मग शुक्रवारी पहाटे तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

इथे तरी मी शहाणी व्हायला हवी होती. शनिवारी सकाळी अनिता विमानतळावरून थेट घरी आली. रडून झाल्यावर तिने मला विचारलं, "मावशी, आज दुपारीच करूया का?" तू समोर होतीस. आणि तुझ्यासमोर, तुझ्या मुलीला, मी म्हटलं, "उद्या करू. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

सगळ्यांना! माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की मला ते ऐकूही आलं नाही. तुझी माती रविवारी झाली, चर्च भरलं होतं, आणि अंबडचं एक माणूस त्यात नव्हतं. मी मनात म्हटलंसुद्धा, बघा, जिच्यासाठी एवढं केलं तिच्या मातीला येता आलं नाही यांना. असं मी मनात म्हटलं, हे मी इथे लिहून ठेवते.

पुढच्या शनिवारी मी अंबडला गेले. महिनाअखेरीपासून इथे जमायचं नाही, हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि समितीची प्रमुख मी. खोलीत सगळे भिंतीला टेकून बसले होते. तुझी प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. सुगंधाने मला तीत बसायला सांगितलं, मी खाली बसले.

"आमी आल्तो बाईंच्या मातीला," ती म्हणाली. "सुट्टी मागितली, पन सुपरवायझर नाय म्हनला. शिफ्ट सुटल्यावर तसंच आलो. तवर कब्रस्तानाचं गेट लागेल व्हतं. मंग भायरूनच गानं म्हनलं नि आलो."

ती माझ्यासाठी चहा गाळत होती.

"बाई म्हनल्या व्हत्या, मी सभेत उभी ऱ्हाते, शनवार बंद होऊ देनार नाय. नंतर इचारलं तं म्हनल्या, ऐन टायमाला गुडघ्यानं दगा दिला, उठताच आलं नाय. लय वाईट वाटलं त्यांला. आमालाच म्हनल्या, माफ करा मला."

रत्ना, तू त्यांची माफी मागितलीस.

त्या खोलीत बसून तू माझं नाव घ्यायला हवं होतंस. निदान 'कुणी हात दिला नाही' एवढं म्हणायचंस. तू सगळं गुडघ्यावर ढकललंस. आणि सुगंधा माझ्याकडे बघत होती, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मान हलवली. "हो गं," म्हटलं, "गुडघा फार त्रास द्यायचा तिला." तुझं खोटं मी तुझ्या मागे पुन्हा वापरलं. शनिवार कधीपासून बंद हेही न सांगता, चहा पिऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सभा होती. मागच्या सभेचा वृत्तांत वाचला गेला. आराखडा एकमताने मंजूर, इथपर्यंत वाचन आलं. वृत्तांत कायम करण्याआधी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची हरकत? मी उभी राहिले. माझे गुडघे चांगले आहेत, तरी मला बाक धरावा लागला.

मी म्हटलं, "ते एकमत नव्हतं. रत्नाला विरोध करायचा होता. तिने उठण्यासाठी माझ्याकडे हात केला आणि मी मुद्दाम दिला नाही."

पाळकसाहेबांचे डोळे भरले होते, पण ते नियमाने वागणारे आहेत, तूच घडवलेले. ते म्हणाले, "सुधाताई, जे सभासद प्रभूत निजले त्यांचं मत आता धरता येत नाही. ठराव झालेला आहे. बदलायचा तर नव्याने आणावा लागेल, पुढच्या सभेत."

मी म्हटलं, "आणीन. तोवर माझा विरोध लिहा."

त्यांनी लिहून घेतला. शनिवार तूर्त बंदच आहे. परवा मी अंबडला जाणार आहे, मंडळीची म्हणून नाही, सुगंधाकडे. सभेला खरं सांगता आलं, कारण सभेचं मी काही हिरावलं नव्हतं. तिला सांगणं अजून व्हायचंय, आणि त्याची मला सभेपेक्षा जास्त भीती वाटते.

उपासनेनंतर बायका माझ्याभोवती जमल्या. मला वाटलं होतं, बोलणं टाकतील. टाकलं असतं तर बरं झालं असतं. एकीने मला जवळ घेतलं, म्हणाली, "किती मनाला लावून घेता!" दुसरी म्हणाली, "सगळ्यांसमोर असं उभं राहायला धाडस लागतं हो." आणि मी नको नको म्हणत ते ऐकून घेत राहिले.

वृत्तांतात आता दुरुस्ती झाली आहे. विरोधात एक मत, आणि पुढे माझं नाव. त्या दिवशी त्या सभागृहात विरोधात एकच बाई होती, रत्ना, आणि तिचं नाव त्यात कुठेही नाही. तुझं तेवढं मतही मीच घेऊन बसले.